कोल्हापुरात राहून जिऊ-जित्सू : कोच शोधायचं कुठवर आलं

कोल्हापुरात कुणाला ‘बीजेजे (ब्राझिलियन जिऊ-जित्सू) शिकायचंय’ म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘मग तालमीत जा की लेका!’ चूक काय नाही त्यात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी असल्या तालमींच्या गावात ग्रॅपलिंग (धरपकडीची झुंज) शिकवणारा मिळत नाही म्हटलं तर लोक हसणारच. पण मला पाहिजे होतं ते खाली पडल्यानंतरचं, गार्ड (पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं), स्वीप (खालनं त्याला उलटवून वर येणं), आर्मबार (कोपराचा सांधा ताणणं), चोक (गळा आवळणं). कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला, इथं अर्धा खेळ पाठीवरच.

आधी जवळपासच एक क्लास बघितला, नाव नको. मॅट झकास, भिंतीवर ब्राझीलचा झेंडा, सरांच्या कमरेला ब्लॅक बेल्ट. बेल्ट कुणी दिला विचारलं तर म्हणे ऑनलाइन कोर्स केलाय आणि आधीचं कराटे आहेच. बरं तेही सोडा, सर स्वतः कुणाबरोबर रोल (म्हणजे सरावाची झुंज) करतच नाहीत, नुसते कडेला उभं राहून ओरडतात, आणि नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात हील हुक (टाच धरून गुडघा पिळायचा डाव)! अरे बाबा हील हुकमध्ये दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असू शकतं, आयबीजेजेएफ या बीजेजेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत व्हाइट बेल्टला तो चालतच नाही, ब्राऊन-ब्लॅकला चालतो तोपण फक्त नो-गीत (जाड कोट न घालता खेळतात त्यात). तिथनं चप्पल घातली ती घातली.

तेव्हापासनं कुठंही गेलो की पहिला प्रश्न एकच, बेल्ट कुणाच्या हातनं मिळाला? आपल्याकडं पैलवानाला नाही का विचारत, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा, तसंच. जपानचा जुडोवाला माएदा 1914 ला ब्राझीलला पोचला, त्याच्याकडनं कार्लोस ग्रेसी शिकला आणि तिथनं पुढं कोण कुणाचा हे लोक घडाघडा सांगतात, खऱ्या माणसाला सांगायला काही वाटत नाही. दुसरं म्हणजे वर्षं मोजायची. बेल्ट चढत जातात ते व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राऊन, ब्लॅक असे. नेहमीच्या नियमानं ब्लूवर किमान 2 वर्षं, पर्पलवर दीड, ब्राऊनवर 1, म्हणजे ब्लू ते ब्लॅकच साडेचार झाली, आणि प्रत्यक्षात सगळं धरून दहाच्या आसपास जातात. कुणी तीन वर्षांत ब्लॅक म्हणाला की हात जोडायचे.

ब्लॅक बेल्टच पाहिजे असा हट्ट मात्र मी सोडलाय. आता जमेल त्या वीकेंडला पुण्याला जातो, हायवेच्या डायव्हर्जनला शिव्या घालत. तिथले कोच पर्पल आहेत, पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं की माझे सर अमुक, बेल्ट तेच देतात, मी नाही. मग माझ्याबरोबर रोल केला. आर्मबार इतका सावकाश लावला की मला टॅप करायला (हार मानली म्हणून थोपटायला) भरपूर वेळ मिळाला, आणि सोडल्यावर परत तीच पोझिशन घेऊन माझ्या कोपराखाली बोट घालून दाखवलं, ‘हे एवढं अंतर दिलंस म्हणून गेला.’ माणूस तिथंच पटला.

मधल्या दिवसांत पहाटे तालीम, माझ्या वयाकडं बघून वस्ताद आधी हसले, मग म्हणाले ये. एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) तिथंच सुधारला, पुण्यातली पोरं आता मला लांबनंच धरतात. फक्त डोकं बाहेर राहिलं की गिलोटिन (समोरनं मान काखेत धरून गळा आवळायचा डाव) बसतो, कुस्तीत ती भीती नाही. आणि अडचणीत आलो की आपसूक पालथा पडतो, तालमीत ते बरोबर पण इथं समोरच्याला पाठ मिळते, 4 पॉइंट आणि वर गळापण.

परवा वस्तादांना क्लोज्ड गार्ड (पाठीवर पडून समोरच्याच्या कंबरेला पायांची कडी घालणं) दाखवला. थोडा वेळ गप्प बसले माझ्या पायात, मग कंबरेसकट मला तसंच वर उचललं. म्हटलं वस्ताद, आपटायचं नाही, आमच्यात स्लॅम बाद आहे. तर म्हणतात, ‘मग उचलल्यावर पाय कशाला आवळून बसलायस? सोड की.’ पुण्याच्या कोचना सांगितलं तर ते म्हणाले बरोबर बोलले, तो उठायला लागला की लगेच गार्ड उघडायचा आणि त्याच्या घोट्याला हात घालायचा. सध्या तेवढंच घोटतोय, डाव्या बाजूनं अजून जमत नाही.