ओटीवरचे तंबोरे : आमची वाटचाल

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर उतरून ‘तंबोरेवाल्यांचं घर’ विचारलंत, तर रिक्षावाला थेट आमच्या ओटीशी आणून सोडतो. पाटी आम्ही कधी लावली नाही. मिरजेला सतारमेकर गल्लीत तीन वर्षं काम शिकलो. परत येताना एक पटाशी, दोन कानशी आणि सरस वितळवायचं पितळी भांडं एवढंच बरोबर होतं. वडिलांनी ओटीची एक बाजू मोकळी करून दिली आणि तिथेच बसलो.

तिकडे शिकलेलं सगळं इथे चालत नाही, हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं. मिरजेची हवा कोरडी. इथे जूनमध्ये सरस धरत नाही, खुंट्या फुगून जाम होतात, पोलादी तारा खाऱ्या वाऱ्याने गंजतात. त्यातून वाट काढून दिली ती शेजारच्या होडी बांधणाऱ्या मामांनी. शाळेत गेलेले नव्हते, पण फळीवर नुसती टिचकी मारून आत ओल किती ते सांगायचे. सुरुवातीची सहा वर्षं ते माझे भागीदार होते. कागद केला नाही, वहीत हिशेब, दर गणपतीला वाटणी. गळ्याचा, म्हणजे भोपळा आणि दांडी जुळतात तिथला सांधा त्यांनी बसवावा आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद मी काढावा, अशी कामं ठरलेली. त्यांच्या हातचा एकही सांधा आजवर सुटून परत आलेला नाही, हे मी छातीठोकपणे लिहितो.

मामा गेले, पुढे काम चालत राहिलं.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग वादळ. दुरुस्तीला आलेले सात तंबोरे घरात होते. सकाळीच ते माजघरात नेऊन गाद्यांत गुंडाळले. दुपारी कौलं पानांसारखी उडाली, एक वासा खाली आला आणि दोन भोपळे चिरडले. बाकीचे पाच रात्रभर भिजले. सकाळी पाहिलं तर तून लाकडाच्या तबल्या, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या पातळ फळ्या, फुगून वर आलेल्या, सांधे आपोआप सुटलेले. गावात वीज नाही, लॉकडाऊनमुळे मिरजेहून तार नाही की भोपळा नाही. आमची निम्मी वाडी आडवी झाली होती. धंदा बंद करून मुंबईला भावाकडे जायचं, इथपर्यंत बोलणं झालं होतं.

त्याच आठवड्यात बाजारपेठेतल्या एका वाद्यविक्रेत्याने सांगायला सुरुवात केली, की तिकडचे तंबोरे संपले, आता ते वाजायचे नाहीत, मिळतील तसे काढून घ्या. तिघांनी ऐकलं. ओलीच वाद्यं उचलून नेली. त्याने ती भर उन्हात वाळवली, पांढऱ्या गोंदाने चिकटवली आणि वरून जाड लॅकर मारलं. तबली म्हणजे तंबोऱ्याची कातडी. तिच्यावर असा थर बसला की आवाज आतच घुसमटतो. त्या माणसाला मी समोर जाऊन विचारलं होतं. ‘गिऱ्हाइकाला चकाकी लागते’ म्हणाला. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

दिवेआगरच्या गाण्याच्या बाई मात्र पडलेल्या पोफळी ओलांडत, भाच्याच्या मोटरसायकलवर आल्या. त्यांचा तंबोरा सगळ्यांत वाईट अवस्थेत होता. भोपळ्याला वीतभर चीर गेली होती. त्यांची स्वतःची सुपारीची बाग गेलेली. ओटीवर टेकल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “तू आधी दुसऱ्यांचं कर. मी थांबते. दुसरीकडे नेणार नाही.” वर दोन हजार रुपये हातात कोंबले. मी नाही नाही म्हणत होतो.

उरलेले चारही तंबोरे चुलीवरच्या माळ्यावर ठेवले. उष्णता मिळावी पण झळ लागू नये, इतक्या उंचीवर. चार महिने दर दोन दिवसांनी फिरवून ठेवले. हे करायला धीर लागतो, आणि ज्याला तो नाही त्याने घरी वाद्य उघडू नये. भिजलेला तंबोरा उन्हात कधीही ठेवू नका, वरचं लाकूड आकसतं आणि आतलं ओलंच राहतं, तिथेच तडा जातो. ताराही लगेच सैल करा.

बाईंचा तंबोरा दिवाळीनंतर उघडला. तबली काढल्यावर आत एक जुनी दुरुस्ती दिसली. लुगड्याच्या काठाची पट्टी सरसाने चिकटवलेली, काठावरची जर अजून चमकत होती. नवी चीरही मी तशीच सुती कापडाने आतून सांधली आणि जुनी पट्टी काढली नाही. मग गळा, खुंट्या, आणि शेवटी घोडी, म्हणजे तबलीवरची जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी. उंटाच्या हाडाची, कानशीने घासत घासत पाठीला एवढासाच उतार द्यायचा की तार तिच्यावर नुसती सरपटेल. एका जागी जास्त घासलं गेलं की आवाज बंद. खर्जाची पितळी तार सगळ्यांत हट्टी, तिने मला तीन संध्याकाळी बसवून ठेवलं. तार आणि घोडीच्या मधला दोरा केसभर पुढे सरकवला आणि तिच्यातून गंधार, म्हणजे ‘ग’ हा सूर, आपसूक उमटला. बाई काळी चारच्या पट्टीत गातात. शेजारच्यांनीही हातातली कामं ठेवून ऐकलं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ज्यांच्याकडे शिकलो त्या उस्तादांच्या घरी फोन करून मी पहिल्यांदा ही सगळी हकिगत सांगितली.

नेलेल्या त्या तीन तंबोऱ्यांतले दोन दोन वर्षांत परत आले, तबल्या उभ्या फाटलेल्या. लॅकर खरवडण्यात एकेकाला पंधरा दिवस गेले. तिसरा आलेला नाही. त्याच्यासाठी वादळाच्या आधी बनवलेली घोडी आमच्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवली आहे.