एका डबक्यातल्या ६३ काती

रत्नागिरीजवळचा एक सडा, म्हणजे कातळाचं पठार, प्रकल्पासाठी सपाट होणार होता. त्याआधीच्या जैवविविधता पाहणीत कीटकांचं काम माझ्याकडे. सप्टेंबरचा पहिला आठवडा. चतुरांची (ड्रॅगनफ्लाय) नोंद मी आदल्या दुपारीच उरकली होती, कारण सगळीकडे एकच जात, पँटाला फ्लेव्हसेन्स. पिवळसर, साडेचार सेंटिमीटरचा, पावसाळ्यात डोक्यावर थव्याने घिरट्या घालणारा आणि बसायचं नाव न घेणारा. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर सापडतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी काळजीची. "मग परिणामाच्या रकान्यात नगण्य लिही आणि पुढे चल," असं वरिष्ठांनी फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बेडकांच्या मोजणीसाठी पहाटे पाचला पुन्हा सड्यावर गेले. वाट दाखवायला गावातले काका होते. त्यांनी एका डबक्यावर बॅटरी धरली. घोटाभर पाणी, पाच-सहा पावलांत संपणारं.

"ताई, गवताला काय लटकलंय बघा."

मी कातळावर गुडघे टेकले. काडीकाडीला चतुर लोंबत होते, नुकतेच बाहेर पडलेले, पंख अजून दुधी आणि ओलसर. प्रत्येकाजवळ त्याची रिकामी कात, सहाही पाय काडीला घट्ट रोवलेले. उकललेल्या पाठीतून पांढरे दोरे बाहेर आले होते. अळीच्या श्वासनलिकांचं जुनं अस्तर ते. उजाडता उजाडता पंखांना थरथर सुटली आणि एकेक जण उडाला. मागे राहिलेल्या काती मी मोजल्या. ६३. सगळ्या त्याच रात्रीच्या नसतील, पण डबकं एकच.

हा चतुर अशाच पावसाळी पाण्यावर जगतो. मासे नसलेल्या डबक्यात अंडी घालायची आणि पाणी आटायच्या आत, पाच-सहा आठवड्यांत, पंख फुटून निघून जायचं. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की ऑक्टोबरपासून तिथे उतरणारे हे थवे भारतातून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेकडे जातात. काकांना हे सांगितलं, तर ते डबक्याकडे बघतच राहिले. "लहानपणी आम्ही ह्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. हे दर्यापार जातात होय?"

जगभरात ही जात टिकून आहे, एवढंच ‘लीस्ट कन्सर्न’ ही श्रेणी सांगते. या सड्यावरच्या पाण्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आणि जात टिकून आहे ती अशाच असंख्य डबक्यांच्या जिवावर. मुक्कामी परतल्यावर मी ‘नगण्य’ खोडलं आणि लिहिलं, ‘डबकी बुजल्यास इथली पैदास बंद होईल.’

चार दिवसांनी मसुदा परत आला, रकान्यात पुन्हा ‘नगण्य’. मी पुन्हा खोडलं. या वेळी कातींचे फोटो आणि सड्यावरच्या प्रत्येक डबक्याचे अक्षांश-रेखांश सोबत जोडले.