रिकामा कठडा

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

केस अजून चिकट आहेत. खाऱ्या वाऱ्याने पार दोर झालेत. धुवायला हवेत, पण उठवत नाही आणि झोपही येत नाही. ताई पलीकडच्या पलंगावर पाठ करून पडलीय. तिच्या फोनचा उजेड भिंतीवर हलतोय, म्हणजे जागीच आहे.

तर ती कॉकटेल क्रूझ झाली एकदाची. तिकिटं मीच काढली होती, महिनाभर आधी. भावोजींनाही विचारलं होतं. मालवाहू जहाजांवर ३१ वर्षं काढलेला माणूस, त्यातली शेवटची बरीचशी चीफ ऑफिसर म्हणून, म्हणजे कॅप्टनच्या खालोखाल. ते नुसते हसले. म्हणाले, "बंदरात यायचे मला लोक पगार देत होते, तरी मला यावंसं वाटायचं नाही. आता पैसे भरून येऊ?" त्यांच्या लेखी बंदर म्हणजे झोपेचं खोबरं. भर समुद्रात कसं, चार तास पहारा आणि आठ तास मोकळे. बंदर आलं की माल चढतोय, माल उतरतोय, तपासण्या, कागद, सह्या. आम्हाला मात्र वर्षानुवर्षं वाटत आलं की हे देशोदेशी मजा मारून येतात.

म्हणून आम्ही दोघीच. ताईला बोट लागते, हा एक मोठाच प्रश्न होता. तासभर आधी गोळी घेऊन आली होती आणि मुद्दाम कोरडं काहीतरी खाऊन. वर मलाच सूचना: "आत बसायचं नाही. आत बसलं की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातल्या तोलाला हलतंय हे कळतं. दोघांचं भांडण लागलं की आपलं पोट ढवळतं." हे अर्थातच भावोजींचं वाक्य. ताई अशी वाक्यं स्वतःची असल्यासारखी बोलते.

बोट धक्क्यावरून निघताना भोंगा वाजला. तीन वेळा, छोटा छोटा. सगळ्यांनी जल्लोष केला, जणू पार्टी सुरू झाल्याचीच घंटा. ताई शांतपणे म्हणाली, "मागे घेतोय."

"काय?"

"तीन छोटे म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय."

आणि खरंच, धक्क्याचे खांब पुढे सरकायला लागले होते. मी तिच्याकडे बघितलं, पण तिने लक्ष दिलं नाही.

आता बारची गोष्ट. तिकिटावर 'कॉकटेलसह' असं लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ एकच कॉकटेल असा निघाला आणि त्या एकासाठी चांगली वीस-पंचवीस मिनिटांची रांग. सूर्य मावळायच्या नेमक्या वेळेला अर्धी बोट बारसमोर पाठीला पाठ लावून उभी होती! मी धुसफुसले. नंतर मात्र बारवाल्या पोराचे हात बघत राहिले. पाय जरा फाकवलेले, गुडघे सैल. ग्लास कधीच काठापर्यंत भरत नव्हता, बोटभर जागा सोडायचा. बाजूने एखादी वेगवान बोट गेली की हा आधीच ओतायचं थांबे, तिची लाट येऊन बोट दोनदा डुलली की पुन्हा सुरू. लाट यायच्या आधी त्याला कसं कळत होतं कोण जाणे, त्याची तर पाठ होती पाण्याकडे.

मी गिमलेट घेतली. जिन आणि लिंबाचा गोड रस. बोटीवर प्यायची तर हीच, असं ठरवूनच गेले होते, कारण ह्या लिंबामागे जुनी कहाणी आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार) झालेले १२ खलाशी निवडले, दोघादोघांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, एका बिचाऱ्या जोडीला चक्क समुद्राचं पाणी. ज्यांना संत्री-लिंबं मिळाली ते दोघे आठवड्याच्या आत उठून उभे राहिले. एवढं लख्ख दिसूनही लिंबाचा रस आरमारात सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. अठ्ठेचाळीस वर्षं! फाइल कुठल्या टेबलावर अडकली होती देव जाणे. पुढे १८६७ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांनाही लिंबाचा रस ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी लॉकलन रोझ ह्या माणसाने तो दारूशिवाय, साखरेत टिकवायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. अधिकाऱ्यांनी तो औषधी रस आपल्या जिनमध्ये ढकलला आणि गिमलेट झाली, असं म्हणतात.

ताईने फ्रूट पंच घेतला, बिनदारूचा. तिला म्हटलं, पंच हा शब्द आपल्याकडच्या 'पाच'वरूनच गेलाय असं पुष्कळ लोक मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या १६३२ च्या पत्रात तो सापडतो. ताईने ग्लासात डोकावून बघितलं. "दारू नाही, मसाला नाही. म्हणजे हे तीनच झाले. पैसे पाचांचे घेतले असणार."

ग्लास घेऊन वर आलो तोवर सूर्य गेला होता. एका बाजूला शहर. उंच इमारतींच्या काचा आधी तांबूस, मग राखाडी, मग एकेक खिडकी आतून पेटत गेली. माइकवरून एक बाई कुठली इमारत किती मजल्यांची ते सांगत होत्या. सगळी बोट त्याच बाजूच्या कठड्याला चिकटलेली. इतकी की माझ्या ग्लासातला बर्फ एकीकडे सरकला आणि बोट किंचित तिरकी झालीय हे मला आधी बर्फावरून कळलं. मीही फोटो काढले. चाळीसेक तरी असतील. पाण्यात दिव्यांचे लांबच लांब उभे पट्टे पडतात ना, बारीक लाटांच्या प्रत्येक उतारावर त्याच दिव्याचा एकेक तुकडा, ते फोटोत येत नाहीत. नुसती गिचमिड येते. तरी काढत राहिले.

मागे वळून पाहिलं तर ताई नाही. पोटात धस्स झालं. बोट लागली बहुतेक, आता कुठे शोधू? तर ही बाई दुसऱ्या कठड्याला एकटीच उभी. तो सबंध कठडा रिकामा होता. तिकडे शहर नव्हतं, नुसता काळपट होत चाललेला विस्तार आणि त्यात विखुरलेले दिवे.

"इकडे काय बघतेस?"

"ह्यांचा पहारा चार ते आठ असायचा," ती म्हणाली. "पहाटेचा आणि संध्याकाळचा. आत्ता जो उजेड आहे ना, ह्याच्यातच ताऱ्यांची मापं घ्यायची, जहाज कुठे आहे ते काढायला. क्षितिजाची रेघ दिसतेय आणि मोठे तारेही दिसायला लागलेत, अशी वेळ दिवसातून दोनदाच. थोडी आधी गेलं तर तारे नाहीत, उशिरा गेलं तर रेघ नाही."

सूर्य क्षितिजाच्या खाली ६ ते १२ अंशांवर असतो तो हा नाविक संधिप्रकाश. मी शब्द वाचला होता. ताई त्यात उभी राहिलेली होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती भावोजींबरोबर एक सफर करून आली होती, हे मी विसरूनच गेले होते. घरात त्या सफरीची आठवण म्हणजे तिला किती उलट्या झाल्या एवढीच. बाकीचं कुणी कधी विचारलंच नाही. मीही नाही.

मग ती एकेक दिवा वाचायला लागली. ते पलीकडे झगमगतंय ते? मला ते किनाऱ्यावरचं एखादं दुकानांचं संकुल वाटलं होतं. ते नांगर टाकून उभं असलेलं जहाज. १०० मीटर किंवा त्याहून लांब जहाज नांगरावर असलं की डेकवरचे दिवे लावून ठेवावेच लागतात. चालत्या जहाजाचं उलट. डेकवर अंधार, म्हणजे ब्रिजवरच्या, जहाज चालवायच्या खोलीतल्या माणसांना समोरचं दिसावं. फक्त नेमके दिवे. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि प्रत्येक दिवा ११२.५ अंशांतच दिसेल असा आडोसा केलेला. लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे. हिरवा दिसला तर उजवी. शिवाय मोठ्या जहाजाला डोलकाठ्यांवर दोन पांढरे, पुढचा ठेंगणा, मागचा उंच.

"आणि लाल-हिरवा दोन्ही दिसले तर?"

"तर तो सरळ आपल्यावर येतोय."

मी हसले. मग समोर बघितलं आणि मला दोन्ही दिसत होते.

दूर होतं ते. पण वरचे दोन पांढरे दिवे हळूहळू एकावर एक येत होते, जणू कुणी सुईत दोरा ओवतोय. आमच्या बोटीने आरामात वळण घेतलं, हिरवा दिवा मावळला, नुसता लाल उरला. ताई म्हणाली, "हं, आता ठीक." त्याच्या मागचा आकार तेव्हा कुठे कळायला लागला. काळी भिंतच, वर कंटेनरच्या थप्प्या. ट्रकांच्या धंद्यातल्या मॅल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकनाने १९५६ मध्ये 'आयडियल एक्स' ह्या जुन्या तेलवाहू जहाजावर असे ५८ डबे चढवून नेले, तिथून ह्या प्रकाराला खरी चाल मिळाली. आता सगळ्यात मोठी जहाजं ४०० मीटर लांब आणि वीस फुटी डब्यांच्या हिशेबात २४ हजार डबे घेणारी आहेत. हे तेवढं नसावं. पण शेजारून जायला आम्हाला इतका वेळ लागला की माझ्या ग्लासातला बर्फ विरघळून गेला. आवाज जवळजवळ नाहीच. फक्त पायांखालून एक घुमणं येत होतं, आमच्या इंजिनाच्या थरथरीपेक्षा खालच्या पट्टीतलं.

तेवढ्यात पाच भोंगे. छोटे, तुटक, चिडलेले. आमचे नव्हते, त्या जहाजाचे. कुणीतरी हौशी शिडाची बोट घेऊन खोल पाण्याच्या वाटेत आडवं घुसलं होतं. पाच भोंगे म्हणजे 'तुझा बेत मला कळत नाहीये'. सभ्य भाषेत. अरुंद वाटेत शिडाच्या बोटींनी आणि २० मीटरपेक्षा लहान बोटींनी मोठ्यांना अडवायचं नाही असा नियमच आहे, कारण मोठ्यांना बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, रांगेबाहेर पाय ठेवता येत नाही, तळ टेकेल. शिडाची बोट शेवटी फिरली. शहराच्या बाजूच्या लोकांनी ह्या पाच भोंग्यांनाही जल्लोष केला.

आणि मग ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय. एक छोटी बोट उड्या मारत आली आणि त्या भिंतीला जाऊन चिकटली. वर पांढरा दिवा, त्याच्या खाली लाल. दोघीही चालत्याच, एकाच वेगाने. भिंतीवरून दोराची शिडी सोडलेली होती, तिच्यावर वरून प्रकाशाचा एक ठिपका. त्या ठिपक्यात एक माणूस बोटीच्या कठड्याशी येऊन उभा राहिला. वर चढणाऱ्या लाटेला थांबला. एक जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. तिसरीच्या माथ्यावर त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली आणि पाय उचलले. खालची बोट लगेच खाली गेली, आणि तो तिथे लोंबकळता, काळ्या भिंतीवर पालीएवढा. मग न थांबता, एकसारखा वर. ताईने माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतली तेव्हा मला कळलं.

"पायलट," ती म्हणाली. "आता ह्याच्या शब्दावर जहाज आत जाणार. हे म्हणायचे, शिडीवर असताना पायलटला हाक मारायची नाही."

माणूस वरच्या कठड्याआड गेला. ठिपका विझला. दिवसभर, रात्रभर, पावसातसुद्धा कुणीतरी असं चढतच असणार. मी घाईघाईने फोन काढला तोवर छोटी बोट सुटून निघाली होती. तिचाच एक फोटो मिळाला, हललेला.

परतीला वारा एकदम पडला. पडला नव्हता खरं तर, पाठीशी आला होता. जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यात बोटीचा वेग मिसळत होता, आता तो वजा झाला. लगेच डिझेलचा वास भरला आणि ताईचा चेहरा पहिल्यांदाच पांढराफटक पडला. धक्का लागेपर्यंत ती क्षितिज शोधत होती आणि क्षितिज तर केव्हाच काळोखात गेलं होतं. मी तिला दूरचा एक बोया दाखवला, लुकलुकणारा. त्याच्याकडे बघत राहिली. उलटी झाली नाही, हे ती उद्या सगळ्यांना सांगेल.

खोलीवर आल्यावर तिने माझ्याकडून तो हललेला फोटो मागून घेतला आणि भावोजींना पाठवला. काहीही न लिहिता. काळोख, दोन ओघळलेले ठिपके, बस. मी म्हटलं, अगं त्यात काय कळणार त्यांना?

आत्ता तिने कूस बदलली आणि फोन माझ्यापुढे धरला. उत्तर आलं होतं.

"पांढऱ्याखाली लाल. पायलट बोट. परत निघालेली दिसते. जेवलात का?"