मामांचं आधार कार्ड आणि गणेशखिंडीतली इमारत

सांगलीहून आलेल्या मामांना पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत पाहायची होती. एवढंच. त्याला पाच दिवस लागले, आणि त्यात विद्यापीठाचा वाटा दोन तासांचा.

चूक माझीच. सरळ रिक्षा करून जायचं सोडून मी एका हेरिटेज वॉकची नोंदणी करायला बसले. माणशी दीडशे रुपये; आधी पैसे, मग फॉर्म. आधारच्या दोन्ही बाजू एकाच पीडीएफमध्ये हव्यात, त्याही 200 केबीच्या आत. मामांचं आधार लॅमिनेट केलेलं, त्यामुळे फोटोत नावाऐवजी ट्यूबलाइट. खिडकीशी नेऊन काढला तर फाईल दोन एमबी. लहान केली तर अक्षरं वाचता येत नाहीत. चौथ्या खेपेला चढली, तर ओटीपी गेला मामांच्या बटणांच्या फोनवर, आणि तो फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. आणेपर्यंत मुदत संपली, फॉर्म पुन्हा कोरा. पुढे ईमेल सक्तीचा. मामांना ईमेल नाही. माझा दिला, तर 'हा आधीच नोंदलेला आहे'. शेवटी मामांच्या नावाने नवा काढला. त्याचा पासवर्ड आज आम्हा दोघांनाही आठवत नाही.

शनिवारी संध्याकाळी निरोप आला : माझी जागा पक्की, मामांची प्रतीक्षायादीत.

फोन केला. "मॅम, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय." म्हटलं, अहो, मी पुण्यातलीच, बघायचंय ते मामांना. तर म्हणे, "मग तुम्ही तरी या ना, मॅम."

रविवारी सकाळी रिक्षा केली. गेटवर नाव लिहिलं आणि आत गेलो. तिकीट नाही, फॉर्म नाही. (ओळखपत्र मात्र जवळ असू द्या. आणि रिक्षा आतपर्यंत न्या, गेटपासून इमारत बरीच लांब आहे. मामांचे गुडघे परतताना बोलले.)

मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मनोऱ्याकडे नंतर पाहिलं, आधी भिंतीशी जाऊन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मी वाचून गेले होते ते सांगितलं : गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात 1864 साली काम सुरू झालं, 1871 मध्ये पुरं झालं, मुंबईच्या गव्हर्नरांचं हे पुण्यातलं निवासस्थान, खर्च इतका वाढला की विलायतेच्या पार्लमेंटात ओरड झाली.

"म्हणजे एस्टिमेट साहेबाचंही ओलांडायचं," मामा भलतेच खूश झाले. "बोलणी तेवढी आम्ही खायची."

22 जून 1897 ची मेजवानीही इथलीच, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची. ती आटोपून निघालेल्या रँडला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठलं. "आपण आलो तोच रस्ता?" मामांनी विचारलं. तोच. फक्त तेव्हा तिथे सिग्नल एकच होता, 'गोंद्या आला रे'. आम्ही मात्र विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला तीनदा लाल दिवा बघितला, तेव्हा वेळ हातात ठेवून निघा.

आत हिंडायला मिळेल असं धरून जाऊ नका, कुलगुरूंचं कार्यालय तिथे आहे. बाहेरून प्रदक्षिणा घातली तरी पोट भरतं. विद्यापीठ 1949 साली सुरू झालं, 2014 मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. त्यांच्या पुतळ्यापाशी मामांनी चपला काढल्या, मग मीही काढल्या. पुढे वडाच्या सावलीत डब्यातले पराठे खाल्ले. पाणी घरून न्या, हे आधीच सांगायला हवं होतं.

वॉकवाल्यांनी 'सात दिवसांत परतावा' कळवलंय, त्याला आता दोन महिने झाले. मामा दर रविवारी सांगलीहून फोन करतात आणि तब्येतीच्याही आधी विचारतात, "आले का गं तीनशे?"