एक माणूस, दोन पासपोर्ट आणि तिसराच संघ

2019 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकून लॉर्ड्सवर इंग्लंडचा करंडक उंचावणारा कर्णधार ऑइन मॉर्गन हा मूळचा डब्लिनचा, आणि 2007 चा विश्वचषक तो आयर्लंडकडून खेळला होता. एका तालमीचा खेळाडू दुसऱ्या तालमीकडून उतरला तर अख्खी पेठ वर्षभर त्याला नावे ठेवते, अशा आमच्या कोल्हापुरात हे पचायला जडच जाते. ब्रिटन आणि आयर्लंड या बेटांवर मात्र खेळाचा संघ, पासपोर्ट, राहते घर आणि मनातला देश ही चार निरनिराळी खाती आहेत आणि ती एकमेकांशी जुळलीच पाहिजेत, असा कोणाचा आग्रह नसतो. निदान बहुतेकांचा नसतो.

खरा पेच आयर्लंड बेटावरच्या, पण ब्रिटनच्या राज्यात असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये दिसतो. तेथील क्रिकेटपटू आणि रग्बीपटू संपूर्ण बेटाच्या एकाच संघातून खेळतात; फुटबॉलला मात्र दोन संघ आहेत, आणि उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात जन्मलेला जेम्स मॅक्लीन शेजारच्या स्वतंत्र आयर्लंड प्रजासत्ताकाकडून खेळला. 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे कराराने तेथील लोकांचा स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही मानण्याचा आणि दोन्ही नागरिकत्वे बाळगण्याचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला. ‘किंवा दोन्ही’ एवढ्या दोन शब्दांत मला त्या कराराचे सारे शहाणपण दिसते, कारण ब्रिटनमध्ये राहायचे की आयर्लंडमध्ये जायचे यावरून झालेल्या तीस वर्षांच्या रक्तपातानंतर कोणालाही आपली ओळख सोडायला न सांगता शांतता करायची, तर दुसरी वाट नव्हती.

कायदा मात्र या शहाणपणाच्या मागेच राहिला. ब्रिटनच्या 1981 च्या नागरिकत्व कायद्यानुसार उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेली बहुतेक मुले आपोआप ब्रिटिश ठरतात. स्वतःला केवळ आयरिश मानणाऱ्या एका महिलेने याला आव्हान दिले, तेव्हा 2019 मध्ये न्यायाधिकरणाने ती कायद्याने ब्रिटिशच असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे जे नागरिकत्व कधी मागितलेच नाही, ते सोडण्यासाठीही रीतसर अर्ज करायचा. हा मला निव्वळ कारकुनी हट्ट वाटतो.

2021 च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमधील 31.9 टक्के लोकांनी स्वतःला फक्त ब्रिटिश, 29.1 टक्क्यांनी फक्त आयरिश, तर 19.8 टक्क्यांनी फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ म्हटले. या तिसऱ्या गटाच्या ओळखीचा पासपोर्ट कोणीच देत नाही. स्कॉटिश किंवा वेल्श माणसाचेही तेच. 2014 च्या स्कॉटलंडमधील स्वातंत्र्याच्या सार्वमतात तर मताचा हक्क राहत्या पत्त्यावरून ठरला, त्यामुळे लंडनला स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाला मत नव्हते आणि एडिनबरात राहणाऱ्या पोलिश माणसाला होते.

आमच्यापासून तासाभरावरच्या निपाणीत 1956 पासून भाषा आणि राज्य यांचा वाद धुमसतो आहे, पण सीमेच्या दोन्ही बाजूंचे नागरिकत्व एकच असल्याने तेथे हा प्रश्न पासपोर्टापर्यंत जात नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानतही नाही. गंमत अशी की, 1949 पासून आयरिश माणूस ब्रिटनच्या कायद्याने परका नाही आणि तो तेथे संसदेसाठी मतदान करतो. पण राष्ट्रकुलाच्या नियमामुळे बेलफास्टमध्ये रीतसर व्हिसावर राहणारा कोल्हापूरचा मुलगाही भारतीय पासपोर्टावर तेच मत देऊ शकतो. त्याने पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तर इकडचे नागरिकत्व संपते, आणि परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड मिळाले, तरी त्यावर कोल्हापुरात मत देता येत नाही.