नाशकात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट: कर्ज आणि खर्चाचा माझा अनुभव

पाथर्डी फाटा परिसरात ४० लाखांचा रिसेल टू बीएचके कर्ज काढून घेतला आणि भाड्याने दिला. ‘भाड्यातून हप्ता सुटतो’ हे मला इथे सगळीकडे ऐकायला मिळालं. आकडे मांडले की ते टिकत नाही.

कर्जापासून सुरुवात करू. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देते. ही किंमत म्हणजे करारातली रक्कम किंवा बँकेच्या व्हॅल्युअरचा आकडा, यांत जो कमी असेल तो. रिसेलमध्ये लोक इथेच अडकतात. व्हॅल्युएशन ३८ लाख आलं की कर्ज ३०.४ लाख मिळतं आणि उरलेले ९.६ लाख आपल्याला उभे करावे लागतात. म्हणून विसार देण्याआधीच व्हॅल्युएशन आणि सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा यांची वकिलाकडून तपासणी) करून घ्यावा. इमारतीला कंप्लिशनचा (बांधकाम पूर्ण झाल्याचा) दाखला नसेल तर तिथेच थांबावं.

मुद्रांक शुल्काला कर्ज मिळत नाही. ते करारातली रक्कम आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेली किंमत) यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. इथे ते दोन लाखांच्या वर गेलं. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते; नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते. नोंदणी फी ३०,०००, फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवल्याच्या नोटिशीवर मुद्रांक कर्जाच्या ०.३ टक्के, शिवाय एजंट आणि रंगकाम. वरचे ९.६ लाख आणि हे सगळं धरून हातातले साडेबारा-तेरा लाख लागतात.

आता महिन्याचं गणित. ३०.४ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण २६,४०० येतो. भाडं १२,०००. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा धरायचाच, म्हणजे हाती १,३२,०००. त्यातून मेंटेनन्सचे १८,०००, घरपट्टीचे ६,००० आणि सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लागणारं) १,८०० वजा करा. हे शुल्क सोसायटीच्या सेवा शुल्काच्या (इथे मेंटेनन्सच्या) दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सोसायटीने जास्त लावलं तर लेखी हरकत घ्यावी. उरतात १,०६,२००. हप्त्यांचे ३,१६,८०० त्यासमोर ठेवले की दरमहा साडेसतरा हजार पगारातून जातात. २०२७च्या सिंहस्थाने भाव चढतील असं एजंट सांगतात. माझ्या मते तो आकडा हिशेबात धरूच नये.

आयकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट आणि मग व्याज. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही. पहिल्या वर्षी सुमारे १.६८ लाखांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत तो दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो, नव्या करप्रणालीत होत नाही. प्रणाली कोणती हे कर्ज घेण्याआधीच ठरवावं, कारण तेवढ्याने वर्षाच्या हिशेबात बराच फरक पडतो.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करावीच लागते आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तीन वर्षांचा करार आणि ३६,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक अकराशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी १,०००. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही कळवायची, आणि चावी या दोन्हींनंतरच द्यायची.