दुखऱ्या शिरेवर वजन

आधी लक्षणं सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच ताठ. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. थोडं चाललं की सैल पडतं. पळायला लागलं की सुरुवातीला दुखतं, मग थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट वसूल होतं. टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर शीर (रक्ताची नव्हे; पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा, अकिलीस टेंडन) चिमटीत धरली तर जाड लागते आणि जीव कळवळतो.

माझं हे यवतेश्वरच्या घाटात सुरू झालं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी आमचा पाच-सहा बायकांचा गट पहाटे घाट चढायचा. चढावर पाऊल वरच्या बाजूला जास्त वाकतं, पोटरी आणि तिच्याखालची ही शीर दोन्ही ताणलेल्या राहतात, आणि त्या अवस्थेतच प्रत्येक पावलाला अख्खं अंग वर ढकलायचं असतं. सपाट रस्त्यावर पळणाऱ्या बहिणीला हे कधी झालं नाही, मला झालं.

उपाय सांगणाऱ्यांची वानवा नव्हती. सासूबाईंनी निर्गुडीच्या पाल्याने शेकलं (बरं वाटायचं, खोटं का बोला). मैत्रिणीने बुटात घालायला सिलिकॉनची टाच दिली. जवळच्या एका डॉक्टरांनी गोळ्या आणि आराम लिहून दिला. आराम केला की दुखणं जायचं, आणि पळायला लागलं की जसंच्या तसं हजर व्हायचं.

मग एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी शुगर विचारली, कारण मधुमेहात अशा शिरा लवकर खराब होतात. मग विचारलं, अलीकडे लघवीच्या किंवा पोटाच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलंय का? त्या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे टाचेमागची शीर दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यासाठी औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा बंधनकारक केला. मी घेतलं नव्हतं. सोनोग्राफीत शीर मधोमध जाडावलेली दिसली. ते म्हणाले, ही नेहमीची सूज नाही, आतल्या तंतूंची वीण विस्कटली आहे. गोळ्यांनी ती परत लागणार नाही. आणि त्यांनी फिजिओकडे धाडलं.

फिजिओ माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, ‘मॅडम, शिरेला आराम नको, काम द्यायचंय. वजन घेऊन.’ मी त्याच्याकडे बघतच राहिले. दुखतंय तिथेच वजन? तेव्हा त्याने कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडला.

ही शीर नुसती पोटरी आणि टाच जोडून ठेवत नाही, ती स्प्रिंगचं काम करते. पाऊल टेकताना ताणली जाते, ऊर्जा साठवते, आणि उचलताना बहुतेक सगळी परत देते. १९८७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासानुसार, ७० किलोचा माणूस मध्यम वेगाने पळताना दर पावलाला साधारण १०० ज्यूल ऊर्जेची देवाणघेवाण होते. त्यातले सुमारे ३५ ज्यूल ही शीर सांभाळते आणि १७ ज्यूल तळपायाची कमान. निम्मं काम स्नायूंवर पडतच नाही. पण त्याची किंमत असते. फिनलंडचे संशोधक पावो कोमी यांनी शिरेवर ताण मोजणारं उपकरण बसवून पाहिलं, तर जोरात पळताना ताण शरीराच्या वजनाच्या साडेबारा पटीपर्यंत गेला होता. ‘आता सांगा,’ तो म्हणाला, ‘आराम करून ही शीर एवढा भार घ्यायला तयार कशी होणार?’

त्याने दिलेला व्यायाम स्वीडनचा. उमिओच्या हाकान अल्फ्रेडसन या हाडांच्या डॉक्टरांना स्वतःलाच हा त्रास होता. वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी ठरवलं की शीर इतकी राबवायची की तुटलीच पाहिजे, मग तरी करतील. ती तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी खेळाडूंवर १२ आठवडे केलेला प्रयोग छापला. सगळे परत पळायला लागले.

करायचं ते असं: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दुखऱ्या पायावर भार घेत टाच पायरीच्या खाली सावकाश सोडायची, वर यायला दुसरा पाय वापरायचा. १५ वेळा, असे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ गुडघा वाकवून. गुडघा वाकवल्यावर पोटरीचा वरचा स्नायू ढिला पडतो आणि खालच्या सोलियसला काम लागतं. सकाळ-संध्याकाळ मिळून १८०. सोपं झालं की पाठीवर सॅक. माझ्या सॅकेत इंद्रायणी तांदूळ असायचा.

दुखतं. सुरुवातीच्या आठवड्यांत तर आधीपेक्षा जास्त. फिजिओचा नियम असा होता की दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळचा ताठपणा वाढता कामा नये. मला याचाच आधार वाटला, कारण दुखणं म्हणजे बिघाड हे डोक्यातून जायला शिरेपेक्षा जास्त वेळ लागला. आणि कंटाळा! याबद्दल कोणी बोलत नाही. जिन्यातून येणारा-जाणारा प्रत्येकजण ‘काय शोधताय?’ विचारतो.

घाई का चालत नाही, हे कोपनहेगनच्या एका अभ्यासातून कळलं. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) खूप वाढला होता, आणि त्या काळात घडलेल्या शरीराच्या भागांत तो उतरला. त्याची खूण शोधत २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की या शिरेचा गाभा साधारण १७व्या वर्षापर्यंत तयार होतो, नंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेली मी शाळेतल्या शिरेवर घाट चढतेय!

पुढे त्याने मला जिममध्ये नेलं. जड वजन घेऊन टाचा उचलायच्या, प्रत्येक वेळी तीन सेकंद वर आणि तीन सेकंद खाली, आठवड्यातून तीनदा. कोपनहेगनमध्येच २०१५ साली दोन्ही पद्धती तोलल्या गेल्या. गुण सारखाच, पण या पद्धतीवर रुग्ण जास्त खूश होते. मीही. रोजच्या जिन्यातून सुटका झाली.

एक मात्र लिहून ठेवते. दुखणं वर मधोमध नसून थेट टाचेच्या हाडावर असेल, तर पायरीच्या खाली टाच सोडू नका. तिथे शीर हाडावर दाबली जाते. उकिडवं बसल्यावरही तेच होतं. आमच्या गटातल्या एकीला तसं होतं, तिला सपाट जमिनीवरच टाचा उचलायला लावल्या.

पळणं परत सुरू झालं ते सपाटीवर, मिनिटभर पळणं, मिनिटभर चालणं असं. घाट शेवटी आला. शीर हाताला अजून जाड लागते. परत सोनोग्राफी करू का, असं विचारलं तर फिजिओ म्हणाला, चित्रातला जाडपणा बरेचदा राहतोच, दुखणं गेलं तरी, पैसे वाचवा. जिम आठवड्यातून दोनदा चालू आहे.